राजाला मरायची मनाई

माझ्या वडिलांचा खून करायला मी माझ्या सख्ख्या काकाला रोज संध्याकाळी भरीस घालत असे, आणि ते काम बरं साधलं की आमचे जोशीमास्तर खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारत. हे वाक्य परवा मी नातवंडांना ऐकवलं तेव्हा धाकटीनं मोबाइलमधून मान वर केली. एरवी माझ्या आठवणींना एवढा मान मिळत नाही. काका होते सेनापती, अप्पा म्हणजे माझे वडील होते राजा, आणि मी, नुकतं मिसरूड फुटू लागलेला शिवा, सेनापतीची बायको. राजा शिकारीच्या छावणीत गाढ झोपलेला असायचा. मी पदर सावरत काकांच्या हातात लाकडी कट्यार द्यायचो आणि म्हणायचो, ‘स्वामी, एवढी एक रात्र पदरात पाडून घ्या, उद्याचा दिवस आपलाच आहे.’ ‘पदरात’ म्हणताना माझा आवाज हमखास फुटायचा आणि अर्धी ओळ बाईची, अर्धी बाप्याची निघायची. झोपलेल्या राजाचं पोट हसून गदगदायला लागायचं.

आमचं घर मुरुमच्या पेठेत, कापडाच्या दुकानाच्या मागल्या अंगाला. पुढं दुकान, मधे बखार, मग चौक आणि चौकाच्या पलीकडं स्वयंपाकघर. दिवसभर पुढून कापड फाडल्याचा टर्रकन आवाज यायचा आणि मागून भाकरी थापल्याचा. आमच्या घरात दोन भाषा नांदत होत्या. अव्वा, म्हणजे माझी आई, कन्नडात रागवायची आणि मराठीत समजूत घालायची, त्यामुळं तिचं पहिलं अक्षर ऐकूनच पळायचं की थांबायचं ते ठरवता यायचं. काकांच्या बायकोला आम्ही चिक्कव्वा म्हणत असू, धाकटी आई. दोघी जावा एकाच चुलीवर स्वयंपाक करायच्या आणि त्या चुलीवरचं एनगाई, म्हणजे शेंगदाण्याचं कूट भरलेली वांगी, असं असायचं की गिऱ्हाइकं कापड घेताना वास घ्यायला थांबत. अप्पांचं म्हणणं, निम्मा धंदा त्या वांग्यांमुळं होतो. हे ते अव्वासमोर म्हणत नसत.

अप्पा थोरले, अंगानं भरलेले, चालताना आधी पोट पुढं येई आणि मग माणूस. देवळात पहिला नारळ त्यांचा, पंगतीत पहिलं पान त्यांचं, पेठेत भांडण झालं तर पहिला शब्द त्यांचा. इरण्णाकाका त्यांच्याहून बरेच धाकटे, शेलाटे, आणि त्यांच्या गळ्यात देवानं काहीतरी वेगळंच घालून ठेवलेलं. देवळात भजनाला ते उभे राहिले की पानाच्या ठेल्यावरची माणसं विडा तोंडात तसाच धरून ऐकत. अप्पांना याचा अभिमान होता. पण अभिमान आणि असूया यांच्यामधे आमच्या घरात फार जाड भिंत नव्हती. काकांचं भजन संपलं की अप्पा म्हणायचे, ‘गातो बरा. आमच्या घराण्यात गळा हायेच. मला येळ न्हाय म्हणून.’

तिकडं जर्मनीची लढाई चालू होती आणि इकडं रॉकेल मिळत नव्हतं. आमचा मुलूख निजामाचा, मास्तर शाळेत उर्दूतून शिकवायचे आणि घरी जाऊन मराठीत नाटक लिहायचे. जोशीमास्तर किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी कॉलेजात विलायती शोकांतिका वाचल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा, की मुरुमच्या बाजारतळावर असली एक शोकांतिका झाली पाहिजे, जिच्यात हाव असेल, मत्सर असेल, खून असेल आणि शेवटाला रंगमंचावर फारसं कुणी उभं राहिलेलं नसेल. त्यांनी स्वतःच एक लिहिली. नाव ठेवलं ‘राजघात’. सेनापतीला सिंहासनाची हाव सुटते, राजा दुसऱ्याच सरदाराला मोठं करतो म्हणून तो जळतो, बायको त्याला पेटवते, तो राजाला मारतो आणि मग दोन अंक पस्तावत हिंडतो. पस्तावण्याची भाषणं फार सुंदर होती. तीच सगळ्या भांडणाचं मूळ ठरली.

मास्तर आमच्या ओट्यावर माणसं निवडायला बसले तेव्हा अप्पांनी आधीच जाहीर केलं, की सेनापती आपण करणार. त्यांनी एक भाषण म्हणून दाखवलं. आवाज खणखणीत, पण प्रत्येक वाक्य गजानं मोजून दिल्यासारखं, आणि वाक्य संपलं की ‘आणखी काय दाखवू?’ असा चेहरा. मग काकांनी तेच भाषण म्हटलं. रस्त्यावरून एक गाडी चालली होती, तिचा बैलसुद्धा थांबला असं चिक्कव्वा पुढं सांगायची, पण तिचा नवऱ्याच्या बाबतीतला शब्द मी कधीच पुरता धरला नाही. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मोठ्या धोरणानं म्हणाले, ‘मल्लप्पा, राजाला जे वजन लागतं ते या पेठेत फक्त तुमच्यापाशी आहे.’ अप्पांनी स्वतःच्या पोटाकडं पाहिलं आणि ते मानलं.

दोन दिवस घरात आनंदीआनंद. मग अप्पांनी नाटक पुरतं वाचलं. वाचून झाल्यावर ते तडक मास्तरांच्या घरी गेले आणि मला बरोबर नेलं.

‘मास्तर, राजा पहिल्या अंकात येतो, बक्षिसं वाटतो, जेवतो आणि झोपतो.’

‘हो.’

‘आन् दुसऱ्या अंकाच्या सुरवातीला झोपेतच मरतो.’

‘हो. तोच तर घात.’

‘मग तिसऱ्या अंकात मी काय करू?’

‘तुम्ही पडद्यामागं बसून ऐकायचं,’ मास्तर म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, आपण सवलतच देतोय.

‘झोपेत माणूस बोलत न्हाय का?’ अप्पांनी विचारलं. ‘आमच्या घरी या एकदा. आमची मंडळी झोपेत सगळा दिवस बोलून काढते.’

मास्तरांनी राजाला एक स्वप्न लिहून दिलं. पंधरवड्यात ते स्वप्न इतकं वाढलं की काका कट्यार उगारून उभे राहत, हात भरून येई, आणि राजा झोपेतच प्रजेच्या कल्याणावर बोलत असे. शेवटी एका संध्याकाळी बखारीत तालीम चालू असताना काकांनी हात खाली घेतला. ‘अण्णा, मरणारा माणूस येवढं बोलाय लागला तर म्या खून कधी करू? सकाळी दुकान उघडायचंय.’

‘तू घाई कशाला करतो? राजा हाय मी. राजाच्या मरणाला येळ लागतोच.’

मी दोघांच्या मधे लुगडं नेसून उभा. मास्तर माझ्याकडं बघत होते, जणू सेनापतीच्या बायकोनंच यातून काही मार्ग काढावा.

ही चढाओढ बखारीतून चौकात आणि चौकातून स्वयंपाकघरात पोचायला वेळ लागला नाही. चिक्कव्वानं काकांच्या गळ्यासाठी हळद घातलेलं दूध सुरू केलं. ते अव्वानं पाहिलं आणि अप्पांचं दूध सुरू झालं, वर साय घालून. मग काकांना खडीसाखर, मग अप्पांना खडीसाखर आणि वेलदोडा. आम्हा पोरांच्या ताटातलं दही हळूहळू दिसेनासं झालं. दोघी जावा एकमेकींशी गोडच बोलायच्या, पण अव्वा चुलीवरून हुग्गी उतरवताना म्हणायची, ‘राजाला आधी वाढते हो, सेनापतीला काय, उशीर झाला तरी चालतंय.’ हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची गुळातली खीर. त्यावर चिक्कव्वा हसून म्हणायची, ‘वाढा अक्का, राजाला पोटभर वाढा. त्यांना लवकर जायचं असतं.’

याच चिक्कव्वानं मला बाईसारखं चालायला शिकवलं. डोक्यावर रिकामी घागर ठेवून मला चौकात फिरवायची, आणि म्हणायची, ‘शिवा, तू कट्यार देतोस तसं कुणी भाकरीबी देत न्हाय. जरा हाताला हात लागू दे. नवरा हाय तो तुझा.’ मी लाजून घागर पाडली की तिचं समाधान व्हायचं. ‘आत्ता! असं लाजायचं.’ आज गुडघे धरून जिना चढताना कधीकधी माझं पाऊल आपोआप तसं पडतं आणि सून मागून विचारते, ‘मामा, पायाला काय झालं?’ तिला काय सांगू, की सेनापतीची बायको अजून पुरती गेली नाही म्हणून.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग एका सकाळी अप्पांनी डोक्याला रुमाल बांधला, नवं उपरणं घेतलं आणि मला म्हणाले, ‘चल, अमीनसाहेबाकडं जाऊन येऊ.’ अमीन म्हणजे पोलिसांचा मोठा अंमलदार. त्या दिवसांत चार माणसं जमवायची तरी परवानगी लागे, मग नाटक तर दूरच. मास्तर ती मागायला जाणारच होते. अप्पांचं उर्दू दुकानापुरतं होतं, म्हणून मला न्यायचं. मला यात काही वावगं दिसलं नाही, उलट अप्पा नाटकासाठी झटतायत याचं बरंच वाटलं.

अमीनसाहेब उंच, पिकलेल्या मिशांचे, बोलताना डोळे अर्धे मिटणारे. अप्पांनी सुपारी पुढं केली, हवापाण्याचं बोलून घेतलं आणि मग अगदी सहज मला म्हणाले, ‘साहेबांना सांग, नाटक चांगलं हाय. फकस्त त्यात राजाला मारतात. आपल्या रियासतीत हे बरं दिसल का, येवढं साहेबांनी बघावं.’

मी उर्दूत सांगितलं. अमीनसाहेबांचे डोळे पुरते उघडले. ‘क्या बोला? बादशहा कू मारतेत कते?’

‘जी.’

‘कौन मारता?’

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत होते. ‘सिपहसालार,’ मी म्हणालो. माझा काका, असं म्हणालो नाही.

परत येताना पेठेच्या तोंडाशी आल्यावर अप्पा म्हणाले, ‘साहेबाच्या कानावर घातलेलं बरं असतंय. उद्या भानगड झाली तर मास्तराची नोकरी जायची.’ हे अगदी खरं होतं. आणि आपल्याला तिसऱ्या अंकापर्यंत जिवंत राहायला मिळेल हेही तितकंच खरं होतं. यातलं कुठलं खरं त्यांना आधी सुचलं हे मी कधी विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी तालमीच्या वेळी दुकानाच्या दारात घोडा थांबला आणि अमीनसाहेब आत आले. सगळे उभे राहिले. मी लुगड्यात सलाम केला, त्याचं त्यांना फार हसू आलं. मग कापडाच्या गाठीवर बसून त्यांनी हुकूम सांगितला. नाटक जरूर करा. पण दिवसाउजेडी, दिवे लागायच्या आत संपवा. नाव बदला. ‘आणि बादशहा नै मरता. हमारी रियासत में बादशहा मरताच नै. उठके सिपहसालार का हात पकडता, और माफ करता. समझे?’

मास्तरांचा चेहरा असा झाला, की शोकांतिका म्हणजे काय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ‘पण साहेब, राजा मेला नाही तर पुढचे दोन अंक...’

‘दो अंक कम करो. गर्मी के दिन हैं.’ ते उठले. जाता जाता अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून काकांना म्हणाले, ‘तुमारे भाई समझदार हैं. इनोंच आके बोले मेरे कू. नै तो हम सबकी मुसीबत थी.’

घोड्याच्या टापा लांब गेल्या. काकांनी कट्यार गाठीवर ठेवली. माझ्याकडं वळून हळूच विचारलं, ‘तू व्हतास बरोबर?’

‘व्हय,’ मी म्हणालो.

‘इरण्णा, ऐक,’ अप्पा म्हणाले.

‘काय ऐकू, अण्णा? लहानपणापासनं तुमचंच ऐकतोय. दुकान तुमचं, देवळातला नारळ तुमचा, पंगतीचं पहिलं पान तुमचं. म्या कधी काय म्हणलो का? एक मास्तरानं चार भाषणं दिली व्हती मला. ती बी तुमाला बघवली न्हाईत.’ त्यांचा तो गाणारा गळा, पण त्यातून शब्द फाटके निघत होते. ‘करून टाका वाटणी. चूल येगळी करा. मग कुणी कुणाला मारायला नको आन् माफ बी करायला नको.’

आमच्या घरात वाटणी हा शब्द तोवर कुणी तोंडातून काढला नव्हता. अव्वा चौकात धान्य पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

त्या दिवसापासून काका घरात जेवेनात. दुकानात येत, काम करत, अप्पांशी गिऱ्हाइकाच्या तोंडून बोलत. ‘पाटील, आमच्या अण्णांना इचारा, हिरवं ठाण कुठं ठेवलंय.’ पाटील विचारत, अप्पा पाटलांना सांगत, आणि पाटील मधल्या मधे बेजार होत. जेवायला काका देवळामागं त्यांच्या एका भजनी मित्राकडं जात. चिक्कव्वा रडत नसे, पण दळताना तिचं जातं फार वेळ फिरे. गंमत म्हणजे दोघी जावांची चढाओढ त्याच दिवशी संपली. अव्वा एनगाईची वाटी पदराखाली झाकून त्या मित्राच्या घरी पाठवायची आणि चिक्कव्वा अप्पांच्या पानात स्वतः वाढायची. पण अप्पाही नीट जेवत नव्हते. भाकरीचा एक तुकडा मोडायचे, चटणीला लावायचे, आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडं बघून पान सारायचे. अव्वा कन्नडात रागवायची. मराठीत समजूत घालायला तिला शब्द सापडत नव्हते.

नाटक तेव्हाच मोडलं असतं. पण अमीनसाहेबांनी सांगून पाठवलं, की आपली वालिदा म्हणजे आई नाटक बघायला येणार आहे. म्हणजे आता नाटक न करणं हाच गुन्हा होता. सोलापुरातून पोशाख येऊन पडले होते. मास्तरांनी नाव बदलून ‘राजकृपा’ केलं, क्षमेच्या पुढचं सगळं बासनात बांधलं आणि काकांच्या हातापाया पडले. काका म्हणाले, ‘येतो. पण अण्णांशी जेवढं नाटकात बोलायचंय तेवढंच बोलणार.’

प्रयोग बाजारतळावर झाला. चार गाड्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या, पडदा आमच्या दुकानातल्या मांजरपाटाचा. उन्हाळा नुकता लागलेला, आणि उन्हं अशी की फळ्यांना पाय टेकवेना. लोक लोहाऱ्यापासून आले होते. पुढं खुर्चीवर अमीनसाहेब, आणि त्यांच्या बाजूला एक दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, उभी, तिला चारी बाजूंनी पडदे. आत त्यांची म्हातारी आई. पडद्याच्या फटीतून तेवढी तिच्या पंख्याची कड हलताना दिसायची. अप्पांच्या अंगावर जांभळ्या मखमलीचा अंगरखा, आत अस्तर, डोक्यावर मुकुट. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, हे मला अव्वानं नंतर सांगितलं.

पहिला अंक बरा गेला. माझ्या लुगड्याला शिट्ट्या पडल्या. दुसऱ्यात रात्र झाली, म्हणजे आम्ही झाली असं धरलं. अप्पा छावणीत आडवे झाले. काका हातात पेटता कंदील घेऊन भर उन्हात आले, आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाले, ‘अहाहा, काय हा काळोख! स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.’

मागून कुणीतरी ओरडलं, ‘इरण्णा, मग कंदील इझवा की! राकेल वाया चाललंय!’

बाजारतळ हसून लोळला. अमीनसाहेबसुद्धा मिशीत हसले. मला वाटलं, संपलं आता. पण काकांनी कंदील खाली ठेवला आणि ते बोलू लागले. ‘या माणसाच्या सावलीत मी वाढलो. आता त्या सावलीचीच मला थंडी वाजते.’ वाक्य मास्तरांचंच होतं, पण तालमीत ते असं कधी ऐकलं नव्हतं. हसणं थांबलं. मी कट्यार दिली. माझा आवाज फुटला तरी कुणी हसलं नाही. ठरल्याप्रमाणं काकांनी हात उगारला, ठरल्याप्रमाणं राजा उठला आणि त्यानं तो हात पकडला.

‘सेनापती,’ अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा घामानं निथळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. ‘सेनापती, मी तुला...’ पुढं ‘क्षमा करतो’ होतं. ते आलंच नाही. डोक्यावरचा मुकुट आधी पडला, तो घरंगळत माझ्या पायाशी आला, आणि त्याच्यामागून राजा फळ्यांवर आडवा झाला. गाड्या हादरल्या.

लोकांना वाटलं, खून झाला. टाळ्या सुरू झाल्या. अमीनसाहेब ताडकन उठले, ‘मास्टर! ये क्या है? मेरा हुकूम क्या था?’ मास्तर पडद्यामागून बाहेर आले आणि तसेच आत गेले. पण काकांनी यातलं काही ऐकलं नाही. त्यांनी कट्यार फेकली, फळ्यांवर बसकण मारली आणि अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं.

‘अण्णा! अण्णा, डोळे उघडा. म्या कट्यार लावली बी न्हाय हो. अण्णा, सगळं तुमचं. तिन्ही अंक तुमचे. वाटणी न्हाय, काय न्हाय. येकदा माझ्याकडं बघा.’ आणि तो माणूस, ज्याच्या गळ्यानं गाव थांबायचं, तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडू लागला. असं रडणं त्या बाजारतळानं पूर्वी पाहिलं नव्हतं. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या, गडी पागोटी उडवत होते, टाळ्या थांबत नव्हत्या. मास्तरांना हवी असलेली शोकांतिका ती, त्यांच्या डोळ्यांदेखत घडली आणि तिच्यातलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं.

मी कसाबसा पुढं झालो आणि पदरानं राजाला वारा घालू लागलो. आत्ताच ज्याला मारायला कट्यार दिली त्याला ही बाई वारा का घालते, याचा काही लोकांना उलगडा होईना. तेवढ्यात दमणीच्या पडद्यातून एक बारीक, खणखणीत आवाज आला, ‘अरे, हुकूम क्या बोलते बैठा! पानी दे उस बादशहा कू!’ आणि पडद्यातून सुरई बाहेर आली. अमीनसाहेबांनी, ज्यांच्या नुसत्या घोड्याला पेठ घाबरायची, ती सुरई आईच्या हातून मुकाट्यानं घेतली, स्वतः गाडीवर चढले आणि अप्पांच्या तोंडावर पाणी मारलं.

अप्पांनी डोळे उघडले. आधी आभाळाकडं पाहिलं, मग काकांच्या रंग ओघळलेल्या तोंडाकडं. टाळ्या चालूच होत्या.

‘कुणाला पडतायत रं?’ अप्पांनी क्षीण आवाजात विचारलं.

काकांनी बाहीनं नाक पुसलं. ‘तुमालाच की, अण्णा. असं मरण मुरुमात कुणी बघितलं न्हाय.’

‘हां,’ अप्पा म्हणाले, आणि उठून बसले. अमीनसाहेबांनी वाकून विचारलं, ‘बादशहा जिंदा है ना?’ अप्पांनी मुकुट मागून घेतला, डोक्यावर ठेवला आणि उभ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘जिंदा है साहेब!’ अशा रीतीनं हुकूमही पाळला गेला.

त्या संध्याकाळी अंगरखे न उतरवताच दोघं भाऊ जेवायला बसले, कारण अव्वा थांबायला तयार नव्हती. चिक्कव्वानं अप्पांना वाढलं, अव्वानं काकांना, आणि त्यांनी किती खाल्लं ते मी सांगणार नाही, नातवंडांना ते खोटं वाटतं. वाटणीचा शब्द पुन्हा निघाला नाही. पुढं आमच्या मुलखात वाईट दिवस आले, शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला, अमीनसाहेबांची बदली झाली आणि ती म्हातारी माय कुठं गेली ते कळलं नाही. निजामाचं राज्य गेलं. या सगळ्यातून काका जिथं जातील तिथं, सोलापूरच्या कापडबाजारात, लग्नाच्या मांडवात, अनोळखी माणसालासुद्धा सांगत, ‘आमच्या अण्णांनी राजा मेलेला दाखवला व्हता एकदा. टाळ्याच टाळ्या! आमी कुठं लागतो त्यांच्यापुढं?’ अप्पा शेजारी बसून मान डोलवत. मला वाटायचं, बिचाऱ्यांना खरं कधी कळणारच नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. काका खरेदीला गेले होते. अप्पा लोडाला टेकून पडले होते, मला वाटलं, झोप लागली. एकाएकी म्हणाले, ‘शिवा, टाळ्या इरण्णाला पडल्या व्हत्या.’

मी हातातलं ठाण खाली ठेवलं. ‘तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर शुद्ध नव्हती.’

‘पडताना नव्हती. पर मग आली की. साहेबानं पाणी मारायच्या लई आधी आली. सगळं ऐकत व्हतो मी.’

‘मग डोळे का नाही उघडले?’

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू एवढी साधी गोष्ट विचारायला मला एवढं शिकवलं कशाला.

‘उघडले असते,’ ते म्हणाले, ‘तर तो रडायचा थांबला असता की.’